ख्रिस्ती माणसाची मतं चर्च ठरवतं का?

तुम्ही विचारलंय की मत कुणाला द्यायचं, घटस्फोट, धर्मांतराचा कायदा, समान नागरी कायदा यांबद्दल काय भूमिका घ्यायची, हे ख्रिस्ती लोक चर्चच्या सांगण्यावरून ठरवतात का. एखाद्या साध्या ख्रिस्ती माणसानं उत्तर द्यावं, असंही लिहिलंय. मी कोल्हापूरची, प्रोटेस्टंट मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. पाळक म्हणजे धर्मगुरू नाही, चर्चच्या कमिटीवरही नाही. वसईचे कॅथलिक काही गोष्टी वेगळ्या सांगतील, तेव्हा हे माझ्यापुरतं समजा.

मताचं आधी उरकते. आमच्या उपासनेत देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. पण पाळकांनी वेदीपाशी उभं राहून पक्षाचं नाव घेतलं तर मी उठून बाहेर जाईन. धर्माच्या नावावर मतं मागणं हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ते मंदिरालाही लागू आहे, मशिदीलाही आणि आम्हालाही.

आता घटस्फोट. लग्न आयुष्यभराचं असतं असं मी मानते. देवासमोर दिलेलं वचन आहे ते. पण माझ्या आईची एक चुलत बहीण होती, नर्स. नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. हे १९८०च्या दशकातलं. तेव्हा आम्हाला १८६९चा घटस्फोट कायदा होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळायचा. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरायचा नाही. त्याच्या जोडीला छळ, किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं सिद्ध करावं लागे, आणि जिल्हा न्यायालयानं दिलेल्या निकालावर पुन्हा उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागे. मावशी वकिलाकडे एकदा जाऊन आली आणि गप्प बसली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं, सोस, प्रार्थना कर. त्या नवऱ्याला जाब विचारायला मात्र कुणी गेलं नाही.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही तरतूद भेदभावाची ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. नवराबायकोला कारणं सारखी झाली, परस्पर संमतीचा घटस्फोटही आला. त्यातही कायद्याच्या पुस्तकात आमच्यासाठी दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे. हिंदू विवाह कायद्यात ती एकच वर्ष आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आमच्या तरतुदीतही एकच वर्ष वाचावं असा निकाल दिला. संसदेनं ते एकदाचं कायद्यात लिहून टाकावं. माझं लग्न कायद्याच्या भीतीनं टिकलेलं नाही आणि दुसऱ्या कुणाचं तसं टिकावं असं मला वाटत नाही. वचन पाळायला शिकवणं हे मंडळीचं काम आहे. ज्या बाईचं वचन दुसऱ्यानं मोडलंय तिला अडकवून ठेवणं हे सरकारचं काम नव्हे.

वारसाहक्काबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुटुंब म्हटलं की मला तेच आधी आठवतं. भारतीय वारसा कायदा १९२५चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींत सारखं. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मजात हक्क देशभर २००५ साली मिळाला, हे लक्षात घेतलं तर कागदावर आम्ही बरेच पुढे होतो. घरात मात्र चित्र तेच. वडील गेले की तेराव्याची वाट बघायची नसते, त्यामुळे महिनाभरात भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. बहीण सही करते, कारण माहेर तुटेल ही धास्ती. दसरा चौकातून सीपीआर रुग्णालयाकडे जाताना मुद्रांक आणि दस्तवाल्यांच्या पाट्या दिसतात तेव्हा मला या सह्या आठवतात. आमच्या घरात ही सही झाली नाही, कारण आई आडवी उभी राहिली.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे येऊन वडिलांच्या वतनात वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. या उताऱ्यावर उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. दशमांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्यावर, पुष्कळ ऐकलेत. पाळकांनी वर्षातून एकदा हा उतारा घेतला तरी पुष्कळ भाऊ ओशाळतील.

कायद्यातही एक मोठी खोट उरलीय. मुलगा बायकोमुलं मागे ठेवून गेला तर त्याच्या आईला त्याच्या मालमत्तेतून काहीच मिळत नाही. त्याला मूलबाळ नसेल तर विधवेचा वाटा जाऊन उरलेलं वडिलांना, वडील हयात असताना आईला नाही. ज्या धर्मात ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा आहे, त्या समाजाला असा कायदा चालतो कसा?

म्हणून समान नागरी कायदा म्हटलं की मी लगेच घाबरत नाही आणि लगेच टाळ्याही वाजवत नाही. मसुदा दाखवा, आईचा वाटा कुठं लिहिलाय ते बघते. लग्नाचा विधी चर्चमध्ये होऊ द्या. वाटणी आणि पोटगीत बाईला न्याय मिळत असेल तर ‘आमचा वैयक्तिक कायदा’ म्हणून अडून बसण्यात मला देवाची सेवा दिसत नाही.

धर्मांतराबद्दल. औषध, शाळेची फी किंवा तांदूळ देताना कुणी ‘आधी बाप्तिस्मा घ्या’ म्हणत असेल तर ते पाप आहे, आणि मंडळीनं त्याला थारा देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये म्हटलं की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला ते खटकत नाही, कारण माणूस दुसऱ्याला वळवू शकतच नाही, ज्याचा तो वळतो. पण ज्याचा तो वळतो, त्यानं सरकारची परवानगी का घ्यावी? उत्तर प्रदेशाच्या कायद्यात साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे गावात, भावकीत आणि नोकरीवर बोभाटा होऊन त्या माणसावर दबाव यायला पुरते दोन महिने. फसवणूक आणि धमकी यांना साधा फौजदारी कायदा पुरतो. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे, आणि ते हिंदू होऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही तेवढंच आहे.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त भांडते ते. वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य १८५२ साली कोल्हापुरात आलं, त्यानंतरच्या पिढ्यांत इथले अनेक ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग घरांतून. माझे पणजोबाही त्यांतलेच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. आम्ही बाहेर. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात, पण ॲट्रॉसिटीचं संरक्षण नाही, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर ग्रामपंचायत लढता येत नाही. ‘तुमच्या धर्मात जात नाही ना?’ असं लोक विचारतात. धर्मात नाही, पण करवीर तालुक्यातल्या गावात घर भाड्यानं मागायला गेलेल्याला आडनावावरून ओळखतात, तिथं बाप्तिस्म्याचा दाखला कोण बघतो? ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि ज्या शहरात १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही वसतिगृह निघालं, तिथं मागासलेपण मोजताना देवाचं नाव विचारणं मला सहन होत नाही.

केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला. त्याच्यापुढे आमच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे बोट दाखवायच्या आधी खरं सांगावं: आमच्या मंडळ्यांमध्येही स्थळं बघताना ‘मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातं, आणि काही ठिकाणी कमिटीच्या निवडणुकीतही तेच चालतं. हे लपवून आम्ही ‘आमच्यात जात नाही’ म्हणत राहिलो, तर आयोग तेच वाक्य आमच्याविरुद्ध वापरेल, आणि पणजोबांसारख्यांच्या नातवंडांना दाखला नाकारायला आम्हीच कारण पुरवलेलं असेल.