दादरच्या पुलावर अलंकार

मराठी साहित्य घेतलंस, फार बरं वाटलं. अलंकारांच्या व्याख्या पाठ करायला लगेच बसू नकोस. संध्याकाळी सहा-साडेसहाला दादरच्या पुलावरून जाताना एकच चित्र पाच तऱ्हांनी मनात म्हणून बघ.

‘गर्दी समुद्रासारखी उसळते’ ही उपमा. गर्दी उपमेय (जिची तुलना करायची ती), समुद्र उपमान (ज्याच्याशी करायची तो), उसळणं हा समान धर्म आणि ‘सारखी’ हा साधर्म्यवाचक शब्द. ‘गर्दी जणू समुद्रच’ म्हटलंस की उत्प्रेक्षा. ‘गर्दीच्या समुद्रात मी रोज बुडते’ हे रूपक, कारण इथे दोन्ही एकरूप झाले. ‘ही गर्दी नव्हे, समुद्र आहे’ यात उपमेयच नाकारलं, म्हणून अपन्हुती. आणि ‘समुद्राला ओहोटी तरी असते, गर्दीला तीही नाही’ हा व्यतिरेक. इथे उपमेय वरचढ ठरतं. मला हा सगळ्यात जवळचा वाटतो, त्यात बोलणाऱ्याचा थकवा ऐकू येतो.

प्रतिमा आणि प्रतीक यांत मात्र घाई करू नकोस. चाळीतला सामाईक नळ डोळ्यांपुढे उभा राहिला, ती प्रतिमा. कथाभर तो पुन्हा पुन्हा येऊन माणसांच्या भांडणांचा नि मायेचा अर्थ वाहू लागला, की प्रतीक.

वृत्तं, म्हणजे कवितेतले लघु-गुरू अक्षरांचे ठरलेले क्रम, मोठ्यानं म्हणूनच शिक. भुजंगप्रयात वृत्तात ‘लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा, एका ओळीत १२ अक्षरं. बोटांवर मोजत चाल धर. रसांचंही लक्षात ठेव: भरताच्या नाट्यशास्त्रातले रस, म्हणजे कलाकृतीतून अनुभवाला येणारे भाव, ८; शांत रस नंतर आला.

उत्तरपत्रिकेत अलंकाराचं नाव लिहून थांबू नकोस. त्यानं त्या ओळीत काय साधलं, तेही लिही.