ब्रिजच्या डावात डिक्लेररने (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने) "बाकी माझे" म्हणून पत्ते टाकले, पण माझ्याकडे एक हुकूम होता. तो हात मागणं रडीचा डाव आहे का?

नाही. डायरेक्टरने, म्हणजे पंचाने, तुम्हाला हात दिला तो बरोबर दिला. माफीबिफी मागायला जाऊ नका.

खरं तर एवढं लिहून थांबलो असतो. पण तुमचा पार्टनरच तुमच्यावर चिडला असं तुम्ही लिहिलंय, आणि माझी एक चांगली जमलेली जोडी नेमकी याच पायी मोडली.

क्लबचा नेहमीचा डुप्लिकेट खेळ, म्हणजे तेच वाटप प्रत्येक टेबलावर. कॉन्ट्रॅक्ट चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे; डिक्लेरर क्लबातले सगळ्यात जुने खेळाडू. आमच्या बाजूला पाच हुकूम: चार माझ्याकडे, पार्टनरकडे एकटाच. त्यांनी एक्का, राजा, राणी वाजवली. दुसऱ्या फेरीला पार्टनरने किलवरची तिर्री टाकली. काळ्यावर काळा पत्ता पडला, त्यांनी नीट पाहिलंच नाही. त्यांच्या हिशेबात हुकूम तीन-दोन फुटले आणि संपले. इस्पिकची सत्ती माझ्या हातात तशीच राहिली.

नऊ हात झाले, त्यातले तीन आमचे. म्हणजे उरलेले चारही त्यांना हवे होते. त्यांनी हुकमाची दश्शी, बदामचा एक्का-राजा आणि चौकटचा एक्का टेबलावर पसरला, "बाकी माझे" म्हणाले आणि स्कोअर लिहायला पेन्सिल उचलली. मी सत्ती पुढे केली. बाकी माझ्याकडे तीन किलवरच होती.

पेन्सिल हवेतच. मग म्हणाले, "हो, मग? आधी दश्शीने तीच काढणार होतो."

डायरेक्टर आपल्या टेबलावरचा डाव सोडून, पत्ते छातीशी धरून आले. त्यांनी एवढंच विचारलं, "पत्ते टाकताना काय बोललात?" उत्तर सगळ्यांनीच ऐकलं होतं. एक हात आम्हाला, कॉन्ट्रॅक्ट एकने खाली, म्हणजे दहाऐवजी नऊच हात.

डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांतलं कलम 70 यावर स्पष्ट आहे. क्लेम करताना (उरलेले हात न खेळताच आपले म्हणताना) बाहेरच्या हुकमाबद्दल चकार शब्द काढला नाही, तो विसरला असण्याची शक्यता आहे, आणि साध्या खेळात त्या हुकमावर हात जाऊ शकतो, या तिन्ही गोष्टी जुळल्या की हात समोरच्यांचा. 'साध्या' खेळात निष्काळजी खेळही धरतात. शंका राहिली तर निकाल क्लेम करणाऱ्याच्या विरुद्ध. नंतर सुचलेला क्रम चालत नाही.

घरी जाताना पार्टनर म्हणाला, "इतकी वर्षं खेळणाऱ्याला दश्शी आधी वाजवायची कळत नाही का? सोडून द्यायचं होतंस." अरे, कळतं! पण हुकूम संपले असं ज्याला वाटतंय त्याला चारही पत्ते सारखेच. बदामचा एक्का आधी टाकला असता तर मी मारलाच असता. आणि सोडून देणारा मी कोण? तेच पत्ते बाकीच्या टेबलांवरही खेळले जातात. तिथे कुणी हुकूम मोजून दहा हात केले असतील, तर आपल्या दिलदारपणाची किंमत त्याच्या मार्कांतून जाते. मन मोठं करायचं तर स्वतःच्या खिशातून करावं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यापासून तो दुसऱ्याबरोबर बसायला लागला.

तुमचा दुसरा प्रश्न, पुढे खेळून बघितलं असतं तर? 2017 च्या नियमांत ती सोय आहे, पण मागणी क्लेम न करणाऱ्या बाजूने करायची आणि चौघांनी हो म्हणायचं. मी करणार नाही. सत्ती दिसल्यावर कोण चुकणार आहे?

एक सांगायचं राहिलं. डिक्लेरर "हुकूम काढून बाकी माझे" म्हणाला असता, किंवा एक हुकूम बाहेर आहे हे त्याला ठाऊक असल्याचं आधीच्या खेळावरून उघड असतं, तर तुम्हाला काही मिळालं नसतं. तुमच्या डावात आधी काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझं पहिलं 'नाही' तेवढं बेतानेच घ्या. आणि हे सगळं डुप्लिकेटचं. रबर ब्रिजचे नियम वेगळे.

त्या जुन्या खेळाडूंशी माझं अजून बरं आहे. परवा माझ्यासमोर क्लेम करताना माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "आधी हुकूम काढतो." कॉन्ट्रॅक्ट तीन नोट्रम्प होतं, म्हणजे हुकूमच नव्हता.