वाचायला आधीच इतकं पडलेलं असताना मी ब्लॉग किंवा ईमेलवरचं पत्र सुरू करावं का?

सुरू करा. तुम्ही लिहिलंय की वीस वर्षं गोरेवाडा तलावावर पक्षी बघायला जाता, नोंदींच्या वह्या कपाटात आहेत, पण लोकांच्या फोनवर दिवसभर एवढं येऊन पडतं त्यात या वह्या कोण वाचणार. मी इथे नागपुरातूनच गेली सहा वर्षं महिन्यातून दोनदा ईमेलवर पत्र पाठवते. सध्या २१२ जणांना जातं. त्यावरून जे कळलं ते सांगते.

लोक वाचून थकलेत हे खरं आहे. मीही थकते. पण कशानं थकतो ते बघा ना. एकच बातमी चार ग्रुपवर येते, पाचवा तिच्यावर मत देतो, सहावा त्या मतावर चिडतो. ज्यानं स्वतः जाऊन काही पाहिलंय असा माणूस त्यात सापडत नाही. पोट गच्च होतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट तुम्हालाही आठवत असेल. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आमच्या लेआउटमध्ये तळमजल्यावर कमरेएवढं होतं. पाण्यातल्या गाड्यांचे व्हिडिओ दिवसभर सगळीकडे फिरले आणि आठवड्याभरात दिसेनासे झाले. मी त्या वेळच्या पत्रात फक्त पुस्तकांबद्दल लिहिलं, कारण बाबांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले होते आणि मी रात्रंदिवस तेच करत होते. ओली पुस्तकं उन्हात घालायची नाहीत, पानं वाकतात. पंख्याखाली उभी ठेवायची, दहा-पंधरा पानांमागे एक कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. दिवाळी अंकातली गुळगुळीत पानं एकदा चिकटून वाळली की मग सुटत नाहीत, म्हणून ती ओली असतानाच हलक्या हातानं वेगळी करायची. दोन दिवसांत जे वाळणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं. बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढता येतं. आमचा फ्रीज तर गेलाच होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा फ्रीझर रिकामा करून दिला आणि पंधरा दिवस त्यात बाबांचे शब्दकोश होते.

त्या पत्राला सात-आठ उत्तरं आली, बस. पण पुढच्या पावसाळ्यात कोल्हापूरहून एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंची मेल आली. "ताई, मध्ये घालायला कागद कोणता वापरलात? रद्दीचे पेपर चालतील का?" मी कळवलं की झेरॉक्सचा कोराच घ्या, छापील पेपरची शाई ओल्या पानावर उतरते. ज्या दिवशी त्यांना गरज पडली त्या दिवशी ते त्यांना सापडलं, कारण पत्र मी ब्लॉगवरही टाकून ठेवलं होतं. म्हणून माझं म्हणणं, दोन्ही करा. मेल माणसाच्या हातात पडते, ब्लॉग शोधणाऱ्याला वर्षांनंतरही सापडतो.

आजी आंतरदेशीय पत्रं लिहायची ते आठवतं. जागा संपत आली की अक्षर बारीक व्हायचं आणि शेवटची ओळ दुमडायच्या पट्टीवर आडवी जायची. कागद केवढा आहे ते ठाऊक असल्यानं महत्त्वाचं ती आधीच लिहून मोकळी व्हायची. तुम्हीही लांबी ठरवून घ्या. फोनवर बोट सरकवत राहिलं तर काहीच संपत नाही, पत्र मात्र संपतं, आणि थकलेला माणूस ते त्याचसाठी उघडतो. 'या आठवड्यात मी काय वाचलं' अशी दुव्यांची यादी शेवटी जोडू नका, ही मला मनापासून करावीशी वाटणारी विनंती आहे. एक पत्र वाचायला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण आणखी दहा लेख ठेवतो.

बाकी तांत्रिक बाबी फारशा अवघड नाहीत. युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधलं मराठी आता उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. ब्लॉगला आरएसएस (नवं लेखन वाचकाकडे आपोआप पोचवायची सोय) ठेवा, त्यात वाचणाऱ्याला तुमचं लेखन तारखेच्या क्रमानं मिळतं, मधे कोणी निवड करत नाही. असे ब्लॉग एका जागी वाचायचं साधन, गूगल रीडर, १ जुलै २०१३ला बंद झालं तेव्हा माझी ब्लॉग वाचायची सवयच मोडली होती. आरएसएस कुठल्या एका कंपनीचं नसल्यामुळे टिकलं. त्या अनुभवामुळे मी प्रत्येक पत्राची प्रत आणि वाचकांच्या पत्त्यांची फाइल दर महिन्याला स्वतःकडे उतरवून घेते. किती जणांनी मेल उघडली त्या आकड्यांकडे बघू नका, मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं मोजतात, आणि २०२१पासून ॲपलचं मेल ॲप ती चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे ते आकडे खरे राहिलेले नाहीत.

आणि पहिलं पत्र कशावर, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. नवरंग पक्षी आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो. त्याची पहिली हाक गोरेवाड्याला कोणत्या तारखेला ऐकली, हे तुमच्या वह्यांमध्ये असणारच. वीस वर्षांच्या त्या तारखा एकाखाली एक लिहा, शेजारी त्या वर्षी पाऊस केव्हा लागला ते लिहा. ज्या वर्षी आजारपणामुळे किंवा कामामुळे जाता आलं नाही, तिथे तसंच लिहा. पहिल्या पत्राला एवढं पुष्कळ झालं. माझं नाव यादीत घाला, मला त्या तारखा बघायच्या आहेत.