नाण्यावरचा चर आणि हातात उरलेले तेवीस दिवस

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकांनी पाच रुपयांच्या जुन्या, जाड नाण्याचे फोटो पाठवले आहेत. पुण्याच्या एका प्रदर्शनात ते त्यांनी ‘ओरिजिनल मिंट एरर’, म्हणजे टांकसाळीतच चूक होऊन तसं पडलेलं नाणं, म्हणून १८,५०० रुपयांना घेतलं. इतवारीतल्या जाणकाराने ते पाहिलं आणि सांगितलं, की हे मोजणी यंत्रात खरवडलेलं चालू नाणं आहे. विक्रेता सात महिने ‘पुढच्या प्रदर्शनात बदलून देतो’ असं म्हणतो आहे. अशी पत्रं मला वरचेवर येतात, फक्त वस्तू बदलते.

फोटो मी मोठा करून पाहिला. कडेलगतचा गोल चर ‘भारत’मधल्या ‘र’ला मधूनच कापून गेला आहे आणि सरकलेला धातू चराच्या एका काठावर उंचवट्यासारखा साचला आहे. चराच्या आतली चमकही बाजूच्या चमकेशी जुळत नाही. टांकसाळीत नाणं ज्याने दाबून पाडतात त्या ठशाला तडा गेला असता तर धातू त्या तड्यात शिरला असता आणि नाण्यावर उंच रेघ उठली असती, खोल नाही. ठसा पडताना मध्ये तार किंवा दोरा आला तर खळगा होतो खरा, पण तिथे अक्षरं हळूहळू विरतात, अशी तुटत नाहीत. तेव्हा जाणकार बरोबर आहेत, असं माझंही मत. पण निकाल माझ्या मतावर लागत नाही.

तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर उभं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. यूपीआयच्या पावतीवरून मोजलं तर तुमच्याकडे तेवीस दिवस आहेत. दोषाचा पत्ता नंतर लागला, म्हणून मुदत तेव्हापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. पुरेसं कारण दाखवल्यास ग्राहक आयोग उशीर माफही करू शकतो. पण मुदत हातात असताना माफीच्या भरवशावर कशाला राहायचं? विक्रेत्याच्या गोड बोलण्याने मुदत थांबत नाही. सोळा महिने नाणं कपाटात पडून होतं आणि पुढचे सात महिने फोनवर गेले, याचा मला खरंच राग येतो. पहिल्याच आठवड्यात भिंग लावलं असतं तर मला पत्र लिहायची वेळ आली नसती.

आधी नोटीस, मग तिच्या उत्तराची वाट, यात अडकू नका. तक्रारीआधी नोटीस पाठवणं कायद्याने बंधनकारक नाही. विक्रेता पुण्याचा असला तरी तुम्ही नागपूरला राहता, म्हणून कलम ३४ खाली नागपूर जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल करा.

बिलावर नुसतं ‘जुने नाणे’ लिहिलंय, पण खरेदीआधीच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात ‘मिंट एरर, गॅरंटी’ आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच हवा, असं माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. नाण्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका, तो तुमचा पुरावा आहे. तपासणीसाठी आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कुठे पाठवेल, हे आत्ता सांगता येणार नाही.

एका गोष्टीची मला धास्ती आहे. ‘पुढे विकलं तर किती येतील?’ असं तुम्हीच त्याला विचारलंय. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्यात ग्राहक ठरत नाही, आणि समोरचा वकील हा संदेश नक्की पुढे करेल. तुम्ही हौशी संग्राहक आहात, हे दाखवायला आधीच्या संग्रहाचे फोटो आणि पावत्या जोडा. आयोग ते मान्य करेलच, अशी खात्री मी देत नाही.

तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त वेळ जातो आणि १८,५०० रुपयांसाठी माणसाला तारखांवर झुलवणं मला अन्यायाचं वाटतं. तरीही दाखल करा. दाखल झाल्याची पावती हातात आली की समझोत्याचं बघू. तोवर विक्रेत्याचा फोन आला तर एवढंच सांगा, की जे काही असेल ते लिहून पाठवा.