बदामाची छटा असलेला, वसंताचा म्हणून विकला जाणारा फुलांचा युनिसेक्स परफ्यूम आम्हा नवरा-बायकोला एकच चालेल का? पुरुषाला फार गोड वाटेल का, आणि पुण्याच्या उन्हात?

खुशाल घ्या. गोडव्याची शंका तर मनातून काढूनच टाका. लग्नात दाराशी अत्तर लावणारा माणूस मोगरा बायकांना आणि वाळा पुरुषांना असा हिशेब करत बसत नाही, पुढे आलेल्या प्रत्येक हातावर बोट फिरवतो. पाश्चात्त्य परफ्यूममध्येही पुरुषांना हा वास नवा नाही. हुबिगां या फ्रेंच घराण्याने १८८२ मध्ये 'फुजेर रॉयाल' काढला, त्यात कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य होतं. त्याचा वास वाळलेलं गवत, बदाम आणि व्हॅनिला यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. पुढे पुरुषांच्या परफ्यूमचं एक अख्खं कुळ त्यावरून निघालं.

बघायला हवं ते बाटलीतला बदाम कुठल्या जातीचा आहे हे. खायच्या बदामाच्या तेलाला जवळजवळ वासच नसतो. परफ्यूमवाले ज्याला बदाम म्हणतात तो कडू बदामाचा वास, म्हणजे बेंझाल्डिहाइडचा. जर्दाळूची बी फोडून आतला गर चावला की नाकात जातो, तोच. हा पदार्थ चटकन उडणारा. फवारल्याबरोबर जोरात येतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. त्यानंतर अंगावर जो मऊ, पावडरसारखा बदाम रेंगाळतो तो बहुधा हेलिओट्रोपिन या दुसऱ्या सुगंधी द्रव्याचा असतो. हेलिओट्रोप नावाच्या जांभळ्या फुलाला मुळातच बदाम-व्हॅनिलासारखा वास येतो, त्यामुळे फुलं आणि बदाम ही जोडी कोणी ओढूनताणून जमवलेली नाही. गेर्लां या फ्रेंच घराण्याचा १९०६ चा 'आप्रे लाँदे' हा परफ्यूम याच वाटेचा, आणि जाँ-क्लोद एलेना या परफ्यूमकाराने २००३ मध्ये केलेला 'लो दिव्हेर'ही. म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर लावा, बाहेर एक चहा घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने काय उरलंय ते बघा. तुम्ही विकत घेताय ते हे उरलेलं.

आता ऊन. युरोपातला वसंत म्हणजे गार, ओलसर हवा, सरी आणि ओली माती. आपला चैत्र म्हणजे पुण्यात ३८ अंश. त्या गारव्यासाठी बेतलेला गोडवा भर दुपारी रिक्षात गुदमरवतो, कारण उष्णतेने सगळंच एकदम उडायला लागतं. वसंताचा म्हणून विकला जाणारा असा परफ्यूम मी मार्च ते मे फक्त संध्याकाळी लावतो, तोही एकच फवारा, शर्टाच्या आत. पांढऱ्या कपड्यावर नको, व्हॅनिला असेल तर पिवळट डाग पडू शकतो. खरी मजा डिसेंबर-जानेवारीत, किंवा दिवसभर एसी ऑफिसात बसणाऱ्यांना. (भर उन्हाळ्यात दुपारसाठी मला वाळ्यापुढे काहीच पटत नाही, पण ती माझी खोड.)

एकच बाटली दोघांनी वापरायला काहीच हरकत नाही. फक्त दोघांनी एकदम लावून एकाच गाडीत बसू नका.

शेवटचं, मोठी बाटली घेऊ नका. १०० मिलि हिशेबात स्वस्त पडते, पण हवा लागली की बेंझाल्डिहाइडचं हळूहळू बेंझोइक ॲसिड होतं आणि त्याला बदामाचा वास नसतो. ३० मिलि घ्या आणि कपाटात ठेवा. बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको.