‘मी कुठे दगड मारा म्हटलं होतं?’

प्रश्न : नमस्कार ताई. माझा भाचा वीस वर्षांचा आहे, आयटीआय झालाय, स्वभावाने गरीब. गेल्या महिन्यात आमच्या गावात सभा झाली, त्यात पुढारी बोलले की ‘किती दिवस गप्प बसणार, यांना यांची जागा दाखवा’, आणि सभा सुटल्यावर पोरं बाजारपेठेत घुसली. तीन दुकानांच्या काचा फुटल्या, एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या डोक्याला टाके पडले. भाचा व्हिडिओत दिसतोय, हातात दगड आहे. केस झालीय. पुढारी मात्र टीव्हीवर सांगतात, मी कुठे दगड मारा म्हटलं होतं? मग सगळी चूक आमच्या एकट्या पोराची का?
– एक आत्या, सांगली जिल्हा

उत्तर : आत्या, कडू आहे ते आधी सांगून टाकते. दगड ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा. ‘साहेब बोलले म्हणून केलं’ हा कोर्टात बचाव होत नाही आणि होऊही नये, कारण त्या सभेला आणखी शेकडो लोक होते, त्यांनीही तेच भाषण ऐकलं आणि ते एसटी पकडून घरी जाऊन जेवले. ज्या आजोबांना टाके पडले त्यांच्याकडे जाऊन आधी भाच्याने माफी मागायला हवी, पण वकिलाला विचारून, आणि केस मागे घ्या असं चुकूनही म्हणायचं नाही, नाहीतर साक्षीदारावर दबाव आणला म्हणून नवीनच भानगड होईल.

पण म्हणून पुढारी सुटले असं मी म्हणणार नाही. वीसेक वर्षं तालुका कोर्टात काढली मी, अशा केसमधली पोरं पाहिलीत. एक अजून डोळ्यासमोर आहे, पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसलेला, एकाच पायात चप्पल, दुसरी पळताना गेलेली, बोटांना विटेची लाल माती तशीच. मी विचारलं कुणाचं दुकान फोडलंस रे, तर त्याला दुकानदाराचं नावही सांगता येईना. भाषणातली वाक्यं मात्र हातवाऱ्यांसकट पाठ. त्याच्या केसपायी वडिलांनी म्हैस विकली, आणि भाषण करणारे त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात दुसरी सभा घेत होते. हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

तरीपण ‘भाषणामुळेच झालं’ हे वाक्य फार जपून वापरायचं, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आपल्या पुण्यातच घडलेलं आहे. 1897 साली पुण्यात प्लेग होता, प्लेगबंदोबस्ताचा अधिकारी रँडसाहेब याच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसून माजघर, देवघर न बघता तपासण्या करत होते, सामान रस्त्यावर आणून जाळत होते, लोक संतापलेले होते. जूनमध्ये शिवाजी उत्सव झाला, तिथे अफझलखानाच्या वधावर व्याख्यान झालं, महाराजांनी खानाला मारलं त्यात पाप होतं का अशी चर्चा झाली, आणि अध्यक्षपदावरून टिळकांनी गीतेचा आधार देऊन सांगितलं की स्वार्थासाठी केलं नसेल तर दोष लागत नाही. 15 जूनच्या केसरीत हे सगळं छापून आलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर राणीच्या हीरक महोत्सवाच्या कार्यक्रमाहून परतताना रँडवर गोळी झाडली गेली, मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला आणि रँड 3 जुलैला. मधे फक्त सात दिवस. आता सांगा, सरकारी माणसाला काय दिसणार? इंग्रजी पेपरांनी तर टिळकांच्या नावाने ओरडाच सुरू केला.

टिळकांना जुलैअखेर पकडलं, मुंबई हायकोर्टात खटला चालला. कलम खुनाचं नव्हतं, राजद्रोहाचं होतं, 124-अ. ज्यूरीत नऊ जण, सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे सरकारबद्दल प्रेम नसणं असा अर्थ लावला, म्हणजे नुसतं प्रेम नाही एवढ्यावर माणूस आत! 14 सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि गंमत नव्हे तर भयंकर गोष्ट ही की तोवर खुनी कोण हेच सापडलेलं नव्हतं. गोळी झाडणारे दामोदर चापेकर हाती लागले ते त्यानंतर. आणि चापेकर बंधूंचा इंग्रजांवरचा राग काही केसरीच्या त्या एका अंकातून उगवलेला नव्हता, मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला त्यांनी डांबर फासलं होतं ते 1896 सालीच.

हे मी टिळकांची बाजू घ्यायला सांगत नाहीये. सांगतेय अशासाठी की ‘शब्दांमुळे रक्त सांडलं’ हा आरोप सरकारच्या हातात दिला की सरकार त्याचा दोर कुणाच्याही गळ्यात टाकतं, आणि पहिला गळा बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचा असतो. म्हणून कायद्याने भाषणाला धरायचं ते अगदी मोजून धरावं असं मला वाटतं. पण कायदा मोजून असला म्हणून मनाचा हिशेब पण तेवढाच ठेवायचा असं थोडंच आहे?

तो हिशेब कसा असतो ते 1922 मध्ये दिसलं. गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा इथे 4 फेब्रुवारीला जमावाने पोलीस चौकी पेटवली, वीसहून जास्त पोलीस मेले. गांधीजी तिथे नव्हतेच, ते गुजरातेत बारडोलीला, आणि हिंसा करा असं त्यांनी कधी जन्मात म्हटलेलं नव्हतं, उलट रोज अहिंसाच सांगत होते. ‘मी कुठे म्हटलं होतं’ हे वाक्य म्हणायचा हक्क जर कुणाला असेल तर त्यांनाच होता ना? त्यांनी काय केलं, आठवडाभरात अख्खं असहकार आंदोलन मागे घेतलं, मोठमोठे नेते चिडले तरी घेतलं, आणि पाच दिवस उपास केला. मार्चमध्ये अहमदाबादला त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तिथे सरकारी वकिलाने चौरीचौरा आणि मुंबईच्या दंग्यांचा ठपका ठेवला तर गांधीजी म्हणाले की ठपका बरोबर आहे, मी आगीशी खेळतोय हे मला ठाऊक होतं. न्यायमूर्ती ब्रूमफील्डने टिळकांच्या 1908 च्या शिक्षेचा दाखला देऊन तेवढीच, सहा वर्षं दिली.

आणि हेही विसरू नका की चौरीचौऱ्याच्या खटल्यात शेवटी 19 जण फासावर गेले, सगळी त्या भागातली साधी माणसं. गांधीजींनी जबाबदारी घेतली तरी फास या साध्या माणसांच्याच गळ्यात पडला. तुमच्या भाच्याला हे जरूर वाचायला द्या.

म्हणून मी पुढाऱ्याचं भाषण फक्त भाषणात नाही बघत, दुसऱ्या दिवशी सकाळी तो काय करतो ते बघते. काचा फुटल्याचं कळल्यावर तो त्या दुकानदाराकडे गेला का, पोरांना म्हणाला का की हे माझ्या नावावर करू नका, की नुसतं टीव्हीवर हात झटकले आणि पुढच्या सभेत तेच वाक्य अजून जोरात म्हटलं? एकदा काय होतं ते बघितल्यावर परत तेच म्हणणारा माणूस अजाण नसतो. तुमच्याकडे काय झालं ते तुम्ही लिहिलंयच.

एक काम मात्र करा. त्या सभेचं पूर्ण रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर ते मूळ फोनमध्ये तसंच ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारी चाळीस सेकंदांची क्लिप नको, अख्खं पाहिजे, मागचं पुढचं सगळं, आणि ते कोर्टात द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं ते वकिलाला आत्ताच सांगून ठेवा. त्याने भाचा सुटणार नाही, पण चिथावणीचा तपास झालाच तर तो पुराव्यावर होईल.

प्रश्न : 2011 मध्ये आम्ही ॲरिझोनात फिनिक्सला होतो. टूसॉनला खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा आमच्या मराठी मित्रमंडळात दोन तट पडले, आम्ही काही जण छातीठोकपणे म्हणत होतो की हा रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिनच्या त्या नकाशाचा परिणाम. आजही तो वाद निघाला की बोलणं बंद होतं. आम्ही बरोबर होतो का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आणि हे मी तुमच्या बाजूची असूनही सांगते. तो नकाशा होता खरा, मार्च 2010 मधला, पेलिन यांच्या राजकीय समितीने काढलेला, वीस मतदारसंघांवर बंदुकीच्या दुर्बिणीतल्यासारख्या फुल्या, त्यात गिफर्ड्स यांचाही. गिफर्ड्स यांनी स्वतः तेव्हाच टीव्हीवर सांगितलं होतं की अशा गोष्टींचे परिणाम होतात. मग 8 जानेवारी 2011 ला सुपरमार्केटबाहेर लोकांना भेटत असताना त्यांच्या डोक्यात गोळी लागली, सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची मुलगी होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणालाही तेच वाटेल जे पुण्यात 1897 ला इंग्रजांना वाटलं.

पण मारेकऱ्याला स्किझोफ्रेनिया होता, गिफर्ड्स यांच्यावरचा त्याचा डूख 2007 पासूनचा, म्हणजे नकाशाच्या तीन वर्षं आधीचा, आणि नकाशा त्याने बघितला होता असा काही पुरावा निघाला नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 2017 मध्ये अग्रलेखात तोच संबंध जोडला, लगेच दुरुस्ती करावी लागली आणि वर पेलिन यांनी बदनामीचा दावा लावला. ज्यूरीने पेपरच्या बाजूने निकाल दिला, दोनदा, पण चूक ती चूकच.

नकाशा वाईट होता असं म्हणा, मीही म्हणते, माणसाच्या नावावर नेम धरलेलं चित्र मला कुणाच्याच प्रचारात नको. फक्त तो वाईट आहे हे सांगायला सहा प्रेतांची साक्ष काढायची गरज नव्हती. मित्रांना फोन करा.

प्रश्न : मी एका स्थानिक नेत्याची भाषणं लिहून देतो. वरचे दोन्ही प्रश्न ताईंना मीच विचारल्यासारखे वाटले. नेमकी रेषा कुठे, की काही कडक लिहायचंच नाही?
– भाषणलेखक, वय 26

उत्तर : कडक लिही की. सरकारवर, धोरणावर, भ्रष्टाचारावर, अगदी समोरच्या नेत्याच्या कारभारावर घाम फुटेल असं लिही. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये श्रेया सिंघल निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन वेगळे टप्पे मानलेत, पहिल्या दोन्हीला मोकळीक आहे, लोकांना न आवडलं तरी. दोन समाजांत वैर पेटवणाऱ्या बोलण्याला न्याय संहितेचं कलम 196 आहे, जुनं 153-अ.

पण तू विचारलंस ते कायद्याच्या पलीकडचं आहे म्हणून आफ्रिकेतल्या रवांडाचं सांगते. आरटीएलएम नावाचा रेडिओ 1993 मध्ये सुरू झाला, गाणी लावायचा, विनोद करायचा, पोरांना आवडायचा, आणि मधेमधे तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना झुरळं म्हणायचा. 6 एप्रिल 1994 ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं आणि मग तोच रेडिओ माणसांची नावं आणि ठावठिकाणा सांगायला लागला. शंभर दिवसांत काही लाख माणसं कापली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अपील चाललं तेव्हा कोर्टाने थेट चिथावणी धरली ती 6 एप्रिलनंतरच्या प्रसारणाला, आधीच्याला नाही. आणि रेडिओच्या एका संस्थापकाला, फर्डिनांड नहिमानाला, दोषी धरलं ते त्याने स्वतः माइकवर काही म्हटलं म्हणून नव्हे, तो आपल्या लोकांना थांबवू शकत होता आणि थांबवलं नाही म्हणून.

कायद्याला 6 एप्रिलची तारीख लागली. पण त्याआधी कित्येक महिने ज्याने रोज बसून झुरळाचे विनोद लिहिले त्याचं काय, तू सांग. मला तरी तोच माणूस जास्त जवळचा वाटतो, तुझ्या आणि माझ्या, कारण तो लिहिणाराच होता.

म्हणून ‘यांना जागा दाखवा’ सारखं वाक्य आलं की थांब. ‘यांना’ म्हणजे गावातली कोणती घरं, ऐकणाऱ्याला माहीत असतं, तुलाही माहीत असतं. आणि दर सभेसाठी दोन कागद लिही, एक भाषणाचा आणि दुसरा त्या रात्री काही विपरीत घडलं तर सकाळी साहेबांनी काय बोलायचं त्याचा, दुकानदाराच्या घरी जाण्यासकट. दोन्ही कागद सभेच्या आधी त्यांच्या हातात दे. ते दुसऱ्या कागदाला काय म्हणाले ते मला कळव.