वाचकांचे प्रश्न : आयएसओ ४५००१चे ऑडिटर व्हायचंय

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत सेफ्टी सुपरवायझर आहे. लीड ऑडिटर कोर्स केल्यावर कारखान्यांना आयएसओ ४५००१चं (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) प्रमाणपत्र देता येईल का?

उत्तर : नाही. प्रमाणपत्र संस्था देते, व्यक्ती नव्हे. अशा संस्थांना आपल्याकडे मान्यता देण्याचं काम एनएबीसीबीचं (प्रमाणन संस्थांसाठीच्या राष्ट्रीय मान्यता मंडळाचं). स्वतःच्या नावाने प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांपासून लांबच राहा. तुम्ही संस्थेचे ऑडिटर होऊ शकता. कोर्स साधारण पाच दिवसांचा, शेवटी परीक्षा. मग संस्था अनुभव तपासते, आधी प्रशिक्षणार्थी म्हणून जाणत्या ऑडिटरबरोबर पाठवते.

नवखे अडकतात ते त्रुटी लिहिताना. ‘प्रेसवर गार्ड नाही’ (पत्रा दाबणाऱ्या यंत्राला हात अडवणारं संरक्षक आवरण नाही) एवढ्याने भागत नाही. मानकातलं कलम, पुरावा आणि नेमकी चूक, तिन्ही हवं. उदाहरणार्थ : ‘६० टनी प्रेसवर ऑपरेटर साच्यात हात घालून अडकलेला पत्रा काढत होता, धोक्यांच्या यादीत हे काम नाही, कलम ६.१.२.’ गार्ड कसला बसवा हे मात्र सांगायचं नाही. तो सल्ला झाला, आणि सल्लागार म्हणून काम केलेल्या कारखान्याचं ऑडिट किमान दोन वर्षं घेता येत नाही. हात चिरडण्याची वेळ समोर दिसत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता व्यवस्थापनाला तिथल्या तिथे कळवा.